घसरगुंडी टाकली कुठे?

अवजड कचरा म्हणजे काय, हे नोकरीची शेवटची काही वर्षं मला रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागे. परिपत्रकात त्याची व्याख्या होती, पण ती इतकी अवजड होती की आधी तीच उचलायला हवी होती. शेवटी मी माझ्यापुरती एक सोपी व्याख्या केली. जे घंटागाडीत मावत नाही आणि घरात बघवत नाही, ते अवजड. मोडकी खाट, पाय गेलेलं टेबल, आतून गंजलेलं कपाट, बंद पडलेला फ्रिज. घंटागाडीला कप्पे दोनच, ओला आणि सुका. गादी ही ओली धरायची की सुकी, यावर एका गृहस्थांनी माझ्याशी भर रस्त्यात वाद घातला होता. त्यांच्या घरात लहान मूल होतं, त्यामुळे त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती.

मी एका नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक होतो. डहाणूहून तलासरीकडे जाताना ते गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तीन माणसं चिडतील आणि बाकीची म्हणतील, त्यांची नावं घेतली, आमचं का नाही घेतलं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा गावात दोनच बदल झाले. सरपंचाचा नगराध्यक्ष झाला आणि उकिरड्याचं घनकचरा व्यवस्थापन केंद्र झालं. वास दोन्हींचा पूर्वीसारखाच राहिला.

स्वच्छता निरीक्षक स्वच्छतेचं निरीक्षण करतो असा लोकांचा समज आहे. तेवढी स्वच्छता आमच्या हद्दीत कधीच नव्हती. मी निरीक्षण करायचो ते माणसांचं. सकाळी सहाला हजेरी, मग ट्रॅक्टर, मग तक्रारी, मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची तक्रार. दुपारी कार्यालयात बसून, सकाळी जे झालं ते झालंच होतं असं दाखवणारे फोटो वर पाठवायचे. हल्ली फोटोवर अक्षांश-रेखांश उमटावे लागतात. पृथ्वीच्या पाठीवर नेमक्या कुठल्या बिंदूवर आमचा कचरा पडला होता आणि नेमक्या कुठल्या बिंदूवरून तो गेला, हे वर कळतं. तो तिथून कुठे गेला, हे मात्र कुणी विचारत नाही.

ट्रॅक्टरवर माझी मुख्य माणूस होती लाडकीबाय. सरकारला बहिणी लाडक्या वाटू लागण्याच्या फार आधीपासून तिचं नाव लाडकी होतं. हद्दीच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. ठेकेदाराकडे रोजंदारीवर होती, म्हणजे काम नगरपंचायतीचं, हुकूम आमचे आणि जबाबदारी कुणाचीच नाही. कागदावर ती साधी सफाई कामगार होती, पण ट्रॉलीवरची चारही माणसं तिच्या शब्दाबाहेर नसत. पाड्यावरच्या बोलीत देवालाही तू आणि साहेबालाही तू. त्यामुळे ती मला ‘तू’ म्हणायची आणि मी तिला ‘तुम्ही’. कार्यालयाची उतरंड आम्ही दोघं मिळून अशी रोज सकाळी उलटी करत असू, आणि कुणाचंच त्यामुळे अडलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे नवे मुख्याधिकारी आले. तरुण, हुशार, फोन कानाला आणि नजर स्वच्छतेच्या स्पर्धेतल्या क्रमांकाला. त्यांनी ‘अवजड कचरा संकलन मोहीम’ काढली. घोषवाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं: ‘घरातलं जड बाहेर काढा, मन हलकं करा.’ रिक्षावर कर्णा बांधून आम्ही ते गावभर वाजवलं.

बाजारपेठेत पहिल्याच दिवशी एका शेठनी घरातला जुना हिंचका बाहेर आणून ठेवला. हिंचका म्हणजे चार पितळी साखळ्यांवर टांगलेला सागवानी झोपाळा. आमच्याकडच्या गुजराती घरांत दिवाणखान्यात देवाच्या खालोखाल त्याचा मान. शेठ म्हणाले, “लई जाव, साहेब. आता सोफा आव्यो छे.” आम्ही तो ट्रॉलीत चढवतोय तोच आतून त्यांच्या मातोश्री आल्या.  ट्रॉलीवर चढल्या आणि हिंचक्यावर बसल्या. शेठनी विनवण्या केल्या, मी केल्या, सुनेनं केल्या. अखेर आम्ही हिंचका आजीसकट खाली उतरवला. संध्याकाळी त्याच घरातून सोफा बाहेर आला. नवाकोरा होता. तो मात्र कचऱ्यात गेला नाही. ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडे गेला.

पाड्यांवर तर मोहीम आणखीच गमतीची झाली. मुख्याधिकारी स्वतः आले होते, फोटोसाठी. एका झोपडीपाशी उभं राहून त्यांनी दारातल्या म्हातारीला विचारलं, “आजी, घरात नको असलेलं, जड असं काही आहे का?”

म्हातारीनं जरा विचार केला. “हाय एक. माझा म्हातारा. नेतो काय?”

आतून आवाज आला, “ने रे बाबा, ने. सरकारचं जेवण तरी चांगलं असंल.”

सगळे हसले. मुख्याधिकारीही हसले, पण त्यांच्या लक्षात आलं की पाड्यांवर कचरा नाही. तिथे खाट मोडली की तिचा पाय कुंपणाला लागतो, दोरी बैलाला लागते आणि उरलेलं चुलीला. फ्रिज मुळात नव्हताच, मोडणार कुठून? ज्यांच्याकडे टाकण्यासारखं काही नव्हतं त्यांनी आमचे आकडे बिघडवले होते. कचरा कमी पडतोय म्हणून आमच्याकडे तातडीची बैठक झाली. अशी बैठक भरवणारी आमची नगरपंचायत देशात बहुधा एकटीच असेल, पण त्याला बक्षीस नव्हतं.

नेमका त्याच सुमारास बालोद्यानाचा निधी आला.

आमच्या गावात तळ्याकाठी एक बाग होती. बाग म्हणजे बदामाची दोन झाडं, मोडकी बाकं आणि मध्ये एक लोखंडी घसरगुंडी. ती डहाणू रोडच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं पाइप आणि पत्रा जोडून केली होती. दिसायला ओबडधोबड, पण दोन पिढ्यांच्या चड्ड्यांनी घासून तिचा पत्रा असा झाला होता की पोर वर बसलं की त्याला विचार करायला वेळ मिळत नसे. बाजूच्या पत्र्यावर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: ‘बापूंकडून बाळगोपाळांस सप्रेम भेट’. बापू म्हणजे गावचे माजी सरपंच. भेट सप्रेम होती, पैसे ग्रामपंचायतीचे होते. हा प्रकार आमच्याकडे इतका नेहमीचा आहे की त्यात काही गैर आहे असं बापूंनाही वाटलं नसावं.

आता सत्तेत होते भाऊ. भाऊ नगराध्यक्ष आणि बापूंचे एकेकाळचे शिष्य; म्हणजे वैर किती पक्कं असेल ते समजा. भाऊंनी बागेचं ‘सुधारणा व सुशोभीकरण’ करायचं ठरवलं. सरकारी मराठीत सुधारणा म्हणजे जे आहे ते काढणं आणि सुशोभीकरण म्हणजे तिथे फरशी बसवणं. बदामाची झाडं सुशोभीकरणाच्या आड येत होती, ती गेली. ग्रॅनाइटचा फलक आला, त्यावर अठरा नावं. गावाच्या नावाची पुरुषभर उंचीची रंगीत अक्षरं आली, सेल्फीसाठी. मोठ्या माणसांना व्यायामाला लोखंडी यंत्रं आली, ज्यांवर पुढे लोक धुणं वाळत घालू लागले. आणि मुलांसाठी कॅटलॉगमधली प्लास्टिकची घसरगुंडी आली. ती बसवली पश्चिमेला तोंड करून, कारण पूर्वेला ग्रॅनाइटचा फलक होता आणि फोटोत दोन्ही यायला हवं होतं.

जुनी घसरगुंडी काढून बाजूला आडवी ठेवली होती. एके दिवशी भाऊ, मुख्याधिकारी आणि नगर अभियंता पाहणीला आले. मी होतो, ट्रॅक्टर घेऊन लाडकीबाय होती. भाऊंची नजर त्या तांबड्या अक्षरांवर गेली.

“हे धूड अजून इथंच?” ते म्हणाले.

मुख्याधिकारी फोनवर होते, पण त्यांचं गणित चालूच असे. “अवजड मोहिमेत घ्या की हे. वजनही बरं भरेल.” मग लाडकीबायकडे वळून म्हणाले, “मावशी, हे आजच्या आज कुठेतरी नेऊन टाका.”

“कुठं टाकू?”

“कुठेही टाका. उद्या मला इथे दिसता कामा नये.”

“चांगल्या जागी टाकू ना?”

“हो, हो, चांगल्या जागी टाका,” असं म्हणून ते पुन्हा फोनवरच्या माणसाकडे वळले.

अभियंत्यांनी फोटो काढला, अक्षांश-रेखांश उमटले, आणि घसरगुंडी रीतसर अवजड कचरा झाली. संध्याकाळी हजेरीला लाडकीबाय म्हणाली, “टाकली, सायब.” मी म्हटलं, “बरं झालं.” ती खुशीत दिसत होती. कचरा टाकून आलेलं माणूस इतकं खुशीत नसतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाग पूर्ण झाली आणि तिला कुलूप लागलं. उद्घाटनाला मोठे साहेब हवे होते आणि मोठ्या साहेबांना तारीख नव्हती. पहिली तारीख हुकली, दुसरी हुकली. पोरं शाळेतून सुटली की बागेच्या फाटकाला लोंबकळत, त्यावर पाय टाकून पुढेमागे झुलत. त्या बागेतलं चालू असलेलं खेळणं म्हणजे ते फाटक. रखवालदार त्यांना हाकलायचा आणि ती गेली की स्वतः व्यायामाच्या यंत्रावर बसून विडी ओढायचा.

अखेर तारीख मिळाली. आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक फोनवर एक फोटो आला.

लाडकीबायच्या पाड्यावरच्या शाळेतल्या तरुण गुरुजींनी तो सहज म्हणून स्टेटसला ठेवला होता. डोंगर, शाळेची भिंत, आंब्याची सावली आणि तिच्याखाली आमची जुनी घसरगुंडी, चार खड्डे खणून, दगड ठेचून, ताठ उभी केलेली. वर पोरं, खाली पोरं, मध्ये एक पोर उलटं, डोकं खाली करून येणारं. आणि बाजूला ठसठशीत तांबडी अक्षरं: ‘बापूंकडून बाळगोपाळांस सप्रेम भेट’. बापूंच्या माणसांनी तेवढ्यावर एक ओळ चढवून तो पुढे ढकलला: ‘भाऊंची बाग कुलपात, बापूंची घसरगुंडी पाड्यात!’ लांबच्या सायवन गावी दिलेल्या लाडकीबायच्या भाचीपर्यंत तो दुपारच्या आत पोचला होता.

मोठे साहेब चार तास उशिरा आले. फीत कापली, चहा घेतला, आणि निघताना भाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तुमची घसरगुंडी पाहिली हो मोबाइलवर. झाडाखालची. छान केलीय. पोरं कशी खूश आहेत!” गाडीची काच वर गेली. भाऊंचे हात जोडलेलेच राहिले.

त्या संध्याकाळी बाग उघडली. दुपारभर पश्चिमेचं ऊन खाल्लेल्या प्लास्टिकवर पहिलं पोर बसलं आणि ओरडत उठलं. दुसऱ्या दिवशी ‘तांत्रिक कारणास्तव’ बाग पुन्हा बंद झाली.

तिसऱ्या दिवशी लाडकीबायला मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात बोलावणं आलं. भाऊंनी तक्रारीचा कागद तयारच ठेवला होता: शासकीय मालमत्तेची चोरी. ठेकेदार खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही फक्त सांगा. उद्यापासून दुसरी बाई देतो.” लाडकीबायच्या घरी तिच्या रोजावर सहा माणसं जेवत होती. पण तिला घोर लागला होता तो निराळाच. आत जाण्यापूर्वी व्हरांड्यात ती मला म्हणाली, “सायब, पाड्याव कोनाची कोंबडी कोनाच्या अंगणात अंडं घालते, त्याचा निवाडा माझ्याकडं येतो. उद्या चोराकडं कोन येल निवाड्याला?”

मी म्हटलं, “जे झालं ते जसंच्या तसं आत सांगा.”

“दुसरं मला येतंय काय?” ती म्हणाली आणि आत गेली.

भाऊंनी वेळ घालवला नाही. “घसरगुंडी कुठाय?”

“टाकली.”

“कुठं टाकली?”

“पाड्याव. शाळेच्या बाजूला. सावली हाय तिथं. चांगली जागा हाय.”

“कुणाला विचारून?”

तिनं मुख्याधिकाऱ्यांकडे बोट केलं. “याला.”

मुख्याधिकारी उडालेच. “मी? मी टाका म्हणालो! टाका म्हणजे फेकून द्या!”

“फेक बोलला नाय तू. टाक बोलला. चांगल्या जागी टाक बोलला.”

अभियंत्यांना वाटलं हा आपला प्रांत आहे. ते घाटावरचे, शुद्ध बोलण्याचा त्यांना अभिमान. “बाई, टाकणे म्हणजे त्याग करणे. नको असलेली वस्तू दूर करणे. तुम्ही जे केलं त्याला बसवणे म्हणतात.”

लाडकीबाय त्यांच्याकडे वळली. “तू नाय का बोलला, बाजारातल्या गटाराव स्लॅब टाकला म्हनून?”

“हो, टाकला.”

“मग तो कुठं हाय? फेकला?”

प्रश्न निरागस होता. त्या स्लॅबविषयी गावात तसाही संशय होता. बिल निघालं होतं, गटार उघडं होतं. ठेकेदारानं खिशातून रुमाल काढला आणि अभियंते पंख्याकडे बघू लागले.

माझी निवृत्ती जवळ आली होती आणि वाचनाचं व्यसन जुनं होतं. दोन्हींचा परिणाम म्हणून मी तोंड उघडलं. “साहेब, भाषेच्या दृष्टीनं बाईंचं चुकलेलं नाही. आपण खाट टाकतो, सतरंजी टाकतो, मांडव टाकतो, दुकान टाकतो. भाऊंनी हायवेला ढाबा टाकला तेव्हा मी स्वतः जेवायला होतो. कुणीही त्याला त्याग म्हटलं नाही.”

“माझा ढाबा मध्ये आणू नका,” भाऊ म्हणाले.

“आणला नाही, भाऊ. टाकलेलाच होता.”

लाडकीबाय खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. भाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले, “शब्दांचे खेळ मला नका शिकवू! मी भाषणं करून इथवर आलोय. सरकारी वस्तू घरी नेली, ही चोरीच!”

“घरी नाय नेली,” ती म्हणाली. “माझं घर बघ येऊन. घरात घसरगुंडी मावंल तर मीच घसरत बसेन.”

आता मुख्याधिकारी मात्र हसत नव्हते. ते तरुण असले तरी मुख्याधिकारी उगाच झालेले नव्हते. त्यांच्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला होता. घसरगुंडीचा फोटो अवजड कचरा म्हणून वर गेला होता, वजनासकट. मोहिमेच्या यशात तिचा वाटा मोठा होता. आता ती चोरीला गेली म्हणायचं, तर ती मौल्यवान होती असं आधी कबूल करायला हवं. मौल्यवान होती, तर आपण तिला कचरा का म्हटलं? आणि कचरा होती, तर कचरा चोरल्याची फिर्याद कुठल्या ठाण्यात घेतात? हे सगळं ते बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “भाऊ, जरा थंड डोक्यानं घेऊ.”

“तुम्ही घ्या थंड,” भाऊ म्हणाले. “मला ते नाव दिसतंय दिवसरात्र. एक तर ती बाई जाईल, नाही तर ते नाव जाईल.”

भाऊंच्या तोंडून खरा प्रश्न अखेर बाहेर आला होता. घसरगुंडी चोरीला गेली याचं दुःख त्या खोलीत कुणालाच नव्हतं. आणि लाडकीबायला काढलं तर नाव राहणारच होतं. उलट बापूंची माणसं तिलाच घसरगुंडीवर बसवून नवा फोटो काढणार होती.

मुख्याधिकाऱ्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. असं करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. “नाव घालवायला एक डबा रंग पुरे,” ते म्हणाले. “आणि नाव गेल्यावर मग ती जुनी घसरगुंडी राहतेच कुठे? पाड्यांवर क्रीडा साहित्य देण्याचा आपला ठराव आहेच. लोकार्पण करू. आपल्या हस्ते.”

भाऊंनी तक्रारीच्या कागदाची घडी घातली. फाडला मात्र नाही. घडी करून खिशात ठेवला. राजकारणात माणूस टिकतो तो अशा घड्यांच्या जोरावर.

“आणि ही?” ठेकेदारानं विचारलं.

“बघू,” भाऊ म्हणाले. “कार्यक्रम नीट होऊ दे.”

म्हणजे लाडकीबायची भाकरी त्या कार्यक्रमावर टांगली गेली. पुढचे आठ-दहा दिवस ती कामावर येत होती, पण ठेकेदार हजेरी मांडताना तिच्या नावापाशी थांबून आमच्याकडे बघायचा.  पाड्यावरच्या पोरांना तिनं ताकीद दिली होती, कार्यक्रम होईपर्यंत घसरगुंडीवर बसायचं नाही, रंग ओला आहे. रंग दुसऱ्याच दिवशी वाळला होता. रंगाला पुढे करण्याची युक्ती ती आमच्यातच शिकली असणार.

कार्यक्रमाच्या दिवशी पाड्यावर मांडव टाकला. घसरगुंडी पिवळीधमक झाली होती, बाजूला निळ्या अक्षरांत भाऊंचं नाव, आणि उतरणीच्या मधोमध लाल फीत बांधलेली. दीड महिना तिच्यावर मनसोक्त घसरलेली पोरं सकाळपासून धुतलेल्या कपड्यांत रांगेनं बसवली होती, घसरगुंडी म्हणजे काय असतं हे पहिल्यांदाच बघणार असल्यासारखी. गुरुजींनी त्यांच्याकडून स्वागतगीत बसवून घेतलं होतं. गुरुजींचीही नोकरी होती.

भाऊ दोन तास उशिरा आले. नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि भाऊंनी माइक हातात घेतला. ते खरंच चांगलं बोलत. त्यांची तीच तर कमाई होती. “माझ्या आदिवासी बांधवांनो, शहरातल्या पोरांना बागा आहेत, मग माझ्या पाड्यावरच्या पोरांनी काय घोडं मारलंय? हा विचार माझ्या मनात आला, आणि मी म्हटलं, नाही! आज मी इथं घसरगुंडी टाकली! उद्या रस्ता टाकू! परवा नळाची लाइन टाकू!”

टाळ्या पडल्या. मुख्याधिकारी जमिनीकडे बघत होते. अभियंते दूरच्या डोंगराकडे बघत होते. लाडकीबाय माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “बघ, यानं पन टाकलीच.”

मग फोटो. भाऊंना शेजारी पाड्यावरची कुणी बाई हवी होती. ‘लाभार्थी’ असं छापलेली पुठ्ठ्याची पाटी तयारच होती. फोटोग्राफरनं आजूबाजूला पाहिलं आणि लाडकीबायच्या हातात ती दिली. मला वाटलं कुणीतरी थांबवेल. थांबवण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी तर तिला अर्धं पाऊल भाऊंकडे सरकायला सांगितलं. ती सरकली. पाटी तिनं उलटी धरली होती, ती ठेकेदारानं सुलटी केली, आणि सुलटी करता करता म्हणाला, “मावशी, उद्या वेळेवर या हां कामावर.”

गाड्या गेल्या. धूळ बसायच्या आत पोरं घसरगुंडीवर तुटून पडली. कापलेली फीत एकानं कपाळाला बांधली. लाडकीबाय पाटी हातात घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ती पाटी कुणाची, कुठे ठेवायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे सरकारी भाषेत ती आता तिच्या ताब्यात होती.

“सायब,” ती म्हणाली, “आता मी चोर नाय ना?”

“नाही.”

“मग कोन?”

मी पाटीवरचं वाचून दाखवलं. “लाभार्थी.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे ज्याला भाऊंनी काहीतरी दिलं, ते माणूस.”

तिनं घसरगुंडीकडे पाहिलं. खड्डे तिनं खणले होते, दगड तिच्या माणसांनी ठेचले होते, आणि ट्रॉलीतून उतरवताना पाइप पायावर पडून तिचं एक नख काळं झालं होतं, ते अजून तसंच होतं.

“चोर होती तेच बरं होतं, सायब,” ती म्हणाली. “तवा घसरगुंडी मी आनली होती.”